दहा छेद क्वार्ट्ज अधिक दोन : कायद्यातल्या एका ओळीवर भाष्य

कारखाने अधिनियम, १९४८ ला जोडलेली दुसरी अनुसूची अॅसिटाल्डिहाइडपासून सुरू होते आणि पुढे रसायनांची नावे व आकडे यांच्या रांगा लागतात. वकिलांना ती रसायनशास्त्र वाटते, रसायनतज्ज्ञांना कायदा वाटतो, त्यामुळे वाचणारा कोणीच उरत नाही. या यादीत बहुतेक पदार्थांसमोर सरळ आकडा आहे. सिलिकासमोर (वाळूतले क्वार्ट्ज हे तिचेच स्फटिकी रूप) मात्र सूत्र आहे. त्या सूत्रावर आणि त्याला बळ देणाऱ्या कलम ४१-एफ वर हे भाष्य आहे. मूळ पाठ इंग्रजी आहे. खाली अवतरणात दिलेला मराठी भावार्थ माझा. नजरेसमोर ठेवली आहे ती कोल्हापूरकडची, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत असते तशी, एक मध्यम फौंड्री: वाळूचे साचे, नॉकआउट म्हणजे साचा फोडून कास्टिंग मोकळे करणे, आणि कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासून काढणारे फेटलिंगचे कामगार.

आरंभीच शंका : २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि जुना अधिनियम तिच्यात विरला. मग मेलेल्या कलमावर भाष्य कशाला? उत्तर : नव्या संहितेत हेच कलम जवळजवळ त्याच शब्दांत आहे, फक्त आकडे राज्य सरकारने विहित करायचे आहेत. आणि आकडे विहित करायला बसणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नमुना म्हणून हीच जुनी अनुसूची असणार. तिचे गुणदोष नीट वाचून ठेवायची वेळ आत्ताच आहे.

“रासायनिक व विषारी पदार्थांच्या संपर्काच्या कमाल अनुज्ञेय मर्यादा”

हे कलम १९८७ च्या दुरुस्तीने आले. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुगळतीनंतर अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे जे नवे प्रकरण घातले गेले, त्यातलेच ते एक. अनुसूचीत भोपाळचे ते मिथिल आयसोसायनेटही आहे, ०.०२ पीपीएम या मर्यादेसह. पण त्या रात्री लोक मेले ते काही तासांत. सिलिकाचा धुळकट दिवस कोणाला मारत नाही. नेहमीचा सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, दहा, पंधरा, वीस वर्षांनी छातीच्या एक्स-रेवर दिसतो, आणि तेव्हाही अनेकदा क्षय म्हणून औषध सुरू होते. गोंधळ स्वाभाविक आहे, कारण सिलिकाने खराब झालेल्या फुप्फुसात क्षय खरोखरच लवकर शिरतो. एका अपघाताच्या धक्क्याने जन्मलेल्या कलमात अशा संथ रोगाची मर्यादा बसवली गेली, हे लक्षात ठेवले की पुढच्या पुष्कळ त्रुटींचा उलगडा होतो.

“कमाल अनुज्ञेय” म्हणजे सुरक्षित नव्हे. या मर्यादा ज्या अमेरिकी परंपरेतून आल्या, तिथल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःच बजावले होते की आकडा म्हणजे सुरक्षित आणि असुरक्षित यांमधली रेषा समजू नये. शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, टाकले.

“उत्पादन प्रक्रियांत, मग त्या धोकादायक असोत वा नसोत”

मूळ पाठात कंसात असलेले ‘धोकादायक असोत वा नसोत’ हे शब्द मला या कलमाचे सर्वांत उदार शब्द वाटतात. ‘आमची प्रक्रिया धोकादायक प्रक्रियांच्या यादीत नाही’ हा मालकाचा नेहमीचा बचाव इथे चालत नाही. धूळ हवेत असेल तर मर्यादा लागू.

“कोणत्याही कारखान्यात”

आणि पुढच्याच पदात औदार्य आटते. कारखाना म्हणजे कोण, हे कायदा डोकी मोजून ठरवतो. १९४८ च्या व्याख्येत वीज असेल तर दहा कामगार, नसेल तर वीस. नव्या संहितेत हेच आकडे वीस आणि चाळीस झाले. आठ-दहा जणांचा खडी क्रशर त्या रेषेखाली सरकतो. दगडखाण खाण कायद्याकडे जाते. खंबायतमध्ये घरच्या ओसरीत अकीक घासणारे कुटुंब तर कुठेच बसत नाही. म्हणजे जिथे धूळ सर्वांत दाट, तिथे ‘कोणत्याही’ हा शब्द पोचत नाही.

आणि जिथे पोचतो, तिथेही तो कामगारासोबत घरी जात नाही. गुजरातेत गोध्रा-बालासिनोर परिसरातल्या क्वार्ट्ज दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशच्या झाबुआ-अलिराजपूर भागातले आदिवासी मजूर गेले, काही काळ राबले, गावी परतले आणि खंगून मेले. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपयांची शिफारस केली. ती गुजरात सरकारने द्यावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दिला. भरपाई ठरली ती मृतांच्या यादीवरून. त्यांनी किती धूळ घेतली यावरून नव्हे, आणि कलम तर तेव्हा वीस वर्षांहून जुने झाले होते.

“शास्त्रीय पुरावा अमलात आणण्यासाठी केंद्र सरकारला अनुसूचीत योग्य ते बदल करता येतील”

‘करता येतील’, ‘करावेत’ नव्हे. याच सिलिका-सूत्राचे अमेरिकेतले भावंड तिथल्या नियमांत १९७१ पासून होते. २०१६ मध्ये ते काढून तिथे सरळ ०.०५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर, फक्त स्फटिकी सिलिकाचा, हा आकडा घातला गेला. आपल्याकडची सूत्रे तशीच राहिली. नव्या संहितेत हा अधिकार राज्यांकडे गेल्यावर एकाच रसायनाची मर्यादा नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी, असेही होऊ शकते.

“कामाच्या वातावरणातील काही रासायनिक पदार्थांच्या अनुज्ञेय पातळ्या”

हे अनुसूचीचे शीर्षक. घाईने वाचणारा ते ओलांडून पुढे जाईल, पण इथे थांबायला हवे. कलम ‘संपर्क’ म्हणते, अनुसूची ‘वातावरणातील पातळी’ म्हणते. संपर्क माणसाचा असतो, पातळी खोलीची. कायद्याने दोन्ही शब्द वापरले, आणि कोणते मोजायचे ते सांगितले नाही.

हा फरक पुस्तकी नाही. १९६० मध्ये इंग्लंडच्या हारवेल अणुकेंद्रातल्या शेरवुड आणि ग्रीनहाल्घ यांनी कामगाराच्या अंगावर वागवता येईल असा छोटा पंप बनवला. त्यानंतर दिसू लागले की भिंतीलगत ठेवलेले यंत्र आणि माणसाच्या कॉलरला लावलेले यंत्र एकाच हवेबद्दल वेगळे बोलतात, आणि कॉलरचा आकडा बहुधा मोठा असतो. कारण साधे आहे. धूळ ग्राइंडरच्या चाकापाशी उठते, आणि फेटलरचे नाक तिथून हातभरावर असते. म्हणून आज जगभर नमुना ‘श्वासकक्षेत’ घेतात, म्हणजे नाकातोंडापासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या अर्धगोलात. पंप कमरेच्या पट्ट्याला, नळी पाठीवरून, फिल्टर कॉलरपाशी.

फौंड्रीच्या अहवालात मात्र ‘फेटलिंग विभाग, खिडकीजवळ’ अशी नोंद असली, तरी अनुसूचीच्या शीर्षकाकडे बोट दाखवून ती वैध म्हणता येते. माझे मत असे : कलम हे मूळ, अनुसूची त्याची आज्ञाधारक. कलमात ‘संपर्क’ असेल तर अनुसूचीतली ‘पातळी’ श्वासकक्षेतलीच समजली पाहिजे. खिडकीजवळचे यंत्र खिडकीला सिलिकोसिस होतो का एवढेच सांगेल.

याच पदातून दुसरा निष्कर्ष निघतो. मर्यादा हवेला लागते, मास्कच्या आतल्या हवेला नाही. ‘आम्ही मास्क देतो’ हे उत्तर या ओळीचे पालन ठरत नाही. नाकाला बांधलेला रुमाल किंवा पंचा यांचा तर प्रश्नच नको. श्वसनक्षम, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारी बारीक, धूळ त्यांतून आरामात जाते.

“वेळ-भारित सरासरी, ८ तास”

आठ तासांत हवा सारखी नसते. काल्पनिक आकडे घेऊ. फेटलर दोन तास जड ग्राइंडिंग करतो तेव्हा हवेत ०.९ मिलिग्रॅम प्रति घनमीटर श्वसनक्षम धूळ आहे; चार तास हलक्या कामात ०.३, उरलेले दोन तास माल हलवण्यात ०.०५. प्रत्येक आकड्याला त्याच्या तासांनी गुणून बेरीज केली की ३.१ येते, आठाने भागले की ०.३९. ज्याने फक्त दुपारच्या शांत तासात पंप लावला त्याला ०.०५ मिळेल, आणि त्याचा अहवाल खोटा नसूनही दिशाभूल करील.

आता पाळी बारा तासांची करा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ करण्यास मंजुरी दिली, तेव्हा चर्चा झाली ती ओव्हरटाइमच्या पैशांची. धुळीचे गणित कोणी मांडले नाही. वरच्या फेटलरला हलक्या कामाचे आणखी चार तास दिले तर बेरीज ४.३ होते. कोणी हुशारीने तिला बाराने भागले तर ०.३६ येते, म्हणजे काम वाढले आणि संपर्क कमी झाला! म्हणून भागाकार आठानेच करायचा : ०.५४. आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण बारा तास काम म्हणजे फुप्फुसाला धूळ बाहेर टाकायला सोळाऐवजी बाराच तास. ब्रीफ आणि स्काला यांनी १९७५ मध्ये दोन्ही गोष्टी धरून मर्यादा खाली आणायचे सूत्र दिले. बारा तासांसाठी ते मर्यादा निम्मी करते. सिलिकासारख्या वर्षानुवर्षे साठत जाणाऱ्या धुळीला ही रीत गरजेपेक्षा कडक आहे, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत. पण म्हणून पाळी वाढवताना मर्यादेचा विचारच करू नये, असे होत नाही.

अनुसूचीत ‘८ तास’ छापले आहेत. पाळीची लांबी बदलणाऱ्याने हा रकाना उघडून पाहिला नाही, असेच म्हणावे लागते.

आणि आठ तास कोणत्या दिवसाचे? यावरही पाठ गप्प आहे. एकाच माणसाचा, एकाच कामाचा संपर्क रोज बदलतो. वारा, ऑर्डरचा आकार, कास्टिंगचे वजन, पंखा चालू की बंद. काही दिवस नेहमीच्या दुप्पट-तिप्पट जाणे हा अपवाद नसतो. समजा चार दिवसांतून एक दिवस मर्यादा मोडते. मग एकाच दिवशी मोजणाऱ्याला ‘सर्व ठीक’ सापडण्याची शक्यता ७५ टक्के. युरोपच्या २०१८ च्या मानकाने म्हणूनच वेगळी रीत घातली : तीनच नमुने घेणार असाल तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या भागाखाली हवेत, चार असतील तर १५ टक्क्यांखाली, पाच असतील तर २० टक्क्यांखाली. पुरावा थोडा असेल तर तो तितका भक्कम हवा, हा न्याय कोर्टातही ओळखीचा आहे. आपल्याकडे वर्षातून एक नमुना, तोही मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर, फाइलीत ‘अनुपालन’ म्हणून लागतो.

“स्फटिकी सिलिका, क्वार्ट्ज : धूलिकणांच्या संख्येनुसार, १०६०० छेद (क्वार्ट्जची टक्केवारी अधिक १०), दशलक्ष कण प्रति घनमीटर”

१०६०० हा आकडा विचित्र दिसतो, पण त्यामागे गूढ काही नाही. अमेरिकी मूळ सूत्रात अंशस्थानी ३०० होते आणि माप घनफुटाचे. एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट. ३०० गुणिले ३५.३ म्हणजे १०५९०. पूर्णांक करून १०६००. घनफुटांचा घनमीटर झाला, एवढाच बदल. मुळात ही मोजणी १९२० च्या दशकातली. १९२२ मध्ये ग्रीनबर्ग आणि स्मिथ यांनी हवा पाण्यात बुडबुडवून कण पकडणारे काचेचे उपकरण केले, आणि त्याने व्हर्मांटमधल्या बारे गावच्या ग्रॅनाइट-शेडांमधली धूळ मोजली गेली. सूक्ष्मदर्शकाखाली कण एकेक करून मोजायचे. ती पद्धत आता जवळजवळ लोप पावली आहे. ओळ उरली आहे, तिने कोणाला पकडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. पुढे जाऊ.

“श्वसनक्षम धुळीनुसार, १० छेद (श्वसनक्षम क्वार्ट्जची टक्केवारी अधिक २), मिलिग्रॅम प्रति घनमीटर”

सगळा जीव या ओळीत आहे.

आधी ‘श्वसनक्षम’. फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जाणारे कण साधारण ४ मायक्रॉनच्या आसपासचे. आंतरराष्ट्रीय व्याख्येत ४ मायक्रॉनच्या कणांपैकी निम्मे तिथवर पोचतात असे धरले आहे. ही धूळ साध्या उजेडात दिसत नाही. फेटलिंगच्या शेडमध्ये जे करडे थर पत्र्यावर, केसांवर, जेवणाच्या डब्यावर बसलेले दिसतात, ते बहुतांशी मोठे कण, नाकात अडकणारे. अंधाऱ्या शेडमध्ये तिरप्या प्रखर दिव्याचा झोत टाकून समोरून पाहिले की मग ती न दिसणारी धूळ ढगासारखी उभी राहते. म्हणून ‘आज धूळ कमी आहे’ हे फोरमनचे वाक्य पुरावा होऊ शकत नाही. मोजताना पंपाच्या तोंडाशी छोटे सायक्लोन लावतात. ते मोठे कण खाली पाडते आणि बारीक कणच फिल्टरवर जाऊ देते.

आता छेदातले २. ते कशाला? क्वार्ट्ज शून्य असेल तर सूत्र १० छेद २, म्हणजे ५ देते. आणि ५ मिलिग्रॅम ही जुन्या काळी निव्वळ त्रासदायक समजल्या जाणाऱ्या श्वसनक्षम धुळीची मर्यादा होती. वरच्या ओळीत १०६०० छेद १० केले की १०६० येतात, म्हणजे घनफुटाला ३० दशलक्ष, तीही त्या काळची साध्या धुळीची मर्यादा. छेदातल्या बेरजा सूत्राला दुसऱ्या टोकाला बांधून ठेवण्यासाठी आहेत.

पहिल्या टोकाचे काय? शुद्ध क्वार्ट्ज असेल तर १० छेद १०२, म्हणजे ०.०९८. क्वार्ट्ज ३० टक्के असेल तर १० छेद ३२, म्हणजे ०.३१ मिलिग्रॅम धूळ, आणि तिच्यात क्वार्ट्ज ०.०९४. क्वार्ट्ज ५ टक्के असेल तर धूळ १.४३, क्वार्ट्ज ०.०७. नीट पाहा : धुळीत क्वार्ट्ज जितके जास्त, तितके जास्त क्वार्ट्ज घ्यायला सूत्र परवानगी देते. रोग क्वार्ट्जने होतो हे मानायचे आणि क्वार्ट्जची मर्यादा मात्र धुळीच्या मिश्रणावर सोडायची, हा या सूत्राचा मूळ दोष. अमेरिकेने सरळ ०.०५ घेतले त्यामागे हेही एक कारण होते.

पण माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. बाकी रसायनांच्या बाबतीत मर्यादा आधी असते, मोजमाप नंतर. इथे मर्यादाच मोजमापातून जन्मते. फिल्टरवरच्या धुळीत क्वार्ट्ज किती टक्के, हे प्रयोगशाळेने सांगेपर्यंत त्या शेडला मर्यादा नाही. कामगाराला, त्याच्या युनियनला, निरीक्षकालाही नाही. कोणी अनुसूची घेऊन शेडमध्ये उभा राहिला तर तो काहीच म्हणू शकत नाही.

आणि ती टक्केवारी किती नाजूक असते पाहा. २.२ लिटर प्रतिमिनिट वेगाने आठ तास पंप चालवला तर हवा जाते साधारण १.०६ घनमीटर. धूळ नेमकी मर्यादेवर, म्हणजे ०.३१ असेल, तर फिल्टरवर जमते मिलिग्रॅमच्या एक तृतीयांश एवढी, आणि तिच्यातले क्वार्ट्ज मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढे. सूक्ष्म तराजू, दमट हवेपासून सांभाळलेले फिल्टर, क्ष-किरण विवर्तन किंवा अवरक्त वर्णपटाचे यंत्र, हे सगळे लागते. मुंबईत शीवची केंद्रीय श्रम संस्था, अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था अशा ठिकाणी ही सोय आहे; गावोगावच्या चाचणी-दुकानांत नसते. समजा टक्केवारी ३० ऐवजी १५ लिहिली गेली. मर्यादा १० छेद १७, म्हणजे ०.५९ होते. शेडमधली धूळ ०.४५ असेल तर पहिल्या हिशेबात गुन्हा, दुसऱ्यात निर्दोष.

एक चोरवाटही आहे. टक्केवारी ‘श्वसनक्षम’ धुळीतली हवी असे सूत्र म्हणते. पण वाळूच्या पोत्यातून मूठभर काढून, नाहीतर पत्र्यावरचा थर खरवडून प्रयोगशाळेत पाठवणे सोपे. पोत्यातली वाळू बहुतांशी क्वार्ट्जच. हवेतल्या बारीक धुळीत साच्याच्या वाळूत मिसळलेली बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी, लोखंडाचे कण मिसळलेले. दोन्हींची टक्केवारी जुळत नाही. पोत्यावरून मोजले तर मर्यादा कडक निघेल, म्हणून मालक ते करणार नाही. उलट बेंटोनाइटने भरलेला थर पाठवला तर ती सैल निघेल. ज्याच्या हातात नमुना, त्याच्या हातात मर्यादा.

“एकूण धुळीनुसार, ३० छेद (क्वार्ट्जची टक्केवारी अधिक ३)”

शून्य क्वार्ट्जला १०, म्हणजे पुन्हा जुनी साधी धूळ. मोठे कण धरून मोजणारी ही ओळ सायक्लोन नसणाऱ्यांची सोय आहे. फुप्फुसाबद्दल ती फारसे काही सांगत नाही. तिन्ही ओळी एकाच वेळी पाळायच्या की कोणतीही एक, हेही पाठ सांगत नाही. कायद्याच्या उद्देशाकडे पाहता सर्वांत कडक निघेल ती धरावी.

“क्रिस्टोबलाइट : क्वार्ट्जसाठी दिलेल्या मर्यादेच्या निम्मी”

क्वार्ट्ज खूप तापले की त्याच्या अणूंची रचना बदलून क्रिस्टोबलाइट होते. वितळलेले लोखंड साच्यात ओतले जाते तेव्हा त्याला लागून असलेल्या वाळूच्या थरात थोडेफार हे घडू शकते, आणि कास्टिंगला चिकटून राहणारी, फेटलरने घासून काढायची वाळू हीच. म्हणजे फेटलरच्या हवेला ही निम्मी मर्यादा लागण्याचा संभव मोल्डरपेक्षा अधिक. प्रयोगशाळेला पाठवायच्या फॉर्मवर फक्त ‘क्वार्ट्ज’ लिहिले असेल, तर ती फक्त क्वार्ट्जच शोधते. क्रिस्टोबलाइटचा रकाना मग रिकामा राहतो, आणि निम्म्या मर्यादेचा प्रश्न कोणी विचारतच नाही. राज्याचे नवे नियम लिहिणाऱ्यांनी सूत्र ठेवायचे की सरळ आकडा घ्यायचा हे ठरवताना, नमुना कोणाच्या कॉलरवर, किती दिवस, कोणत्या पद्धतीने आणि कशाकशासाठी तपासायचा, हे त्याच ओळीत छापावे.